भावाचं सीएमएल, इमॅटिनिबने रिपोर्ट हवा तेवढा खाली येत नाहीये. असिमिनिबसाठी हट्ट धरावा का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे. मागच्या वर्षी कंपनीच्या मेडिकल चेकअपमध्ये पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर निघाल्या, स्प्लीन (प्लीहा) वाढलेली होती, मग बोन मॅरो वगैरे सगळं होऊन क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणजे सीएमएल, रक्ताचा एक कॅन्सर, असं निदान झालं. लगेच इमॅटिनिब ४०० ची गोळी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत काउंट एकदम नॉर्मल. आम्ही सगळे निर्धास्त झालो, तो कामावर जायला लागला, आईने तर मुली बघायला पण सुरुवात केली.

पण बीसीआर-एबीएलची जी टेस्ट असते, आजार किती उरलाय ते मोजणारी, ती तीन महिन्यांनी ९ टक्के, सहा महिन्यांनी ३.४ आणि आता वर्ष उलटून गेल्यावर १.८ आलीय. डॉक्टर म्हणतात काउंट चांगला असला तरी हे पुरेसं नाही, म्युटेशन टेस्ट करू आणि मग बहुतेक डॅसाटिनिब नाहीतर निलोटिनिबवर जाऊ.

आता अडचण अशी की आमचा आतेभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने असिमिनिब नावाच्या नवीन औषधाची माहिती पाठवली, म्हणाला सगळ्यात लेटेस्ट हेच आहे, बाकीच्या जुन्या गोळ्यांत वेळ घालवू नका. किंमत ऐकून सगळे गप्पच बसले. पण बाबांनी दुसऱ्या दिवशीच नदीकडचं रान विकायचं बोलायला सुरुवात केली, गिऱ्हाईकसुद्धा तयार आहे. भाऊ म्हणतो रान विकायचं नाही, बाबा म्हणतात पोरापेक्षा रान मोठं नाही, आणि मी मधे.

म्हणून विचारते, नवीन औषध खरंच एवढं वेगळं आहे का? डॉक्टर डॅसाटिनिब-निलोटिनिब म्हणतायत ते फक्त स्वस्त म्हणून का? बाबांना पन्नाशीत हार्ट अटॅक येऊन गेलाय आणि भावाची उपाशीपोटीची शुगर ११२ होती, त्याचा काही संबंध येतो का? कुणाच्या घरात असं झालं असेल तर प्लीज लिहा.

जुनी_गोळी

ताई, आधी एक सांगतो, १.८ म्हणजे भाऊ हातातून चाललाय असं अजिबात नाही. मी स्वतः सीएमएलचा पेशंट आहे, इमॅटिनिबवर सुरुवात केली, नंतर डॅसाटिनिब, आणि नोकरी, पोरांची शिक्षणं सगळं त्याच गोळ्यांवर चाललंय. २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत इमॅटिनिबला मंजुरी मिळाली त्याच्या आधी या आजाराला इंटरफेरॉनची इंजेक्शनं किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट हेच मुख्य उपाय होते. आणि ज्या मोठ्या ट्रायलवर इमॅटिनिब उभं राहिलं त्यातले ८३ टक्के पेशंट दहा वर्षांनंतर हयात होते. म्हणजे ही गोळी जुनी झाली म्हणून टाकाऊ झाली असं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. रान विकायच्या आधी भावाला शांतपणे, आईबाबा समोर नसताना, एक गोष्ट विचारा की गोळ्या खरोखर रोज घेतो का. रागावून नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलने २०१० मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यांनी गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात चिप बसवून बाटली कितीदा उघडली ते मोजलं. ज्यांनी ९० टक्क्यांपेक्षा जास्त गोळ्या घेतल्या त्यांच्यात सहा वर्षांत चांगला रिपोर्ट यायची शक्यता ९४.५ टक्के होती आणि ज्यांनी त्यापेक्षा कमी घेतल्या त्यांच्यात २८.४. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की तुम्ही ९० टक्क्यांवर आलात, एवढा बारीक फरक आहे तो. इमॅटिनिबने मळमळतं, पायात गोळे येतात, सकाळी डोळे सुजतात, आणि बरं वाटत असताना रोज मुद्दाम मळमळ ओढवून घ्यायची म्हणजे तरुण माणसाला किती जड जातं ते मला माहितीय. घरचे विचारतात "घेतलीस का", आपण "हो" म्हणतो. पण चार गोळ्या चुकल्या हे कळायला जमीन विकावी लागत नाही.

नमुना_क्रमांक

मी मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करतो, फक्त रिपोर्टपुरतं बोलतो, औषधाचं डॉक्टर सांगतील.

रिपोर्टवर "इंटरनॅशनल स्केल" किंवा नुसतं "आयएस" लिहिलंय का बघा. प्रत्येक लॅबच्या मशीनचा कच्चा आकडा वेगळा येतो, तो या स्केलवर बसवून दिला तरच एका लॅबचा १.८ आणि दुसऱ्या लॅबचा १.८ सारखा धरता येतो. तीन रिपोर्ट तीन लॅबचे असतील तर ते एका ओळीत लावून निष्कर्ष काढू नका, शक्यतो एकच लॅब धरून ठेवा.

साधारण हिशोब असा, तीन महिन्यांत १० टक्के किंवा त्याखाली, सहा महिन्यांत १ किंवा खाली, वर्षाला ०.१ किंवा खाली. वर्षानंतरही १ च्या वर असेल तर युरोपियन गाइडलाइनमध्ये त्याला औषध फेल गेलं असं धरतात. तुमच्या भावाचा पहिला टप्पा ठीक होता, दुसऱ्याला मागे पडला, तिसऱ्याला जास्त मागे. त्यामुळे तुमचे डॉक्टर बरोबर वेळेला हलतायत, उशीर करत नाहीयेत, हे लक्षात घ्या.

म्युटेशन टेस्ट मात्र टाळू नका. औषध बदलायच्या आधीच ती करायची असते, कारण कुठलं म्युटेशन आहे त्यावर कुठली गोळी चालणार नाही हे ठरतं.

वनौषधी_संग्रह

माझ्या ओळखीत एकाला गुळवेल आणि गव्हांकुराच्या रसाने प्लेटलेट वाढल्या होत्या. या केमिकल गोळ्यांनी लिव्हरची वाट लागते, थोडे दिवस बंद ठेवून बघायला काय हरकत आहे?

नमुना_क्रमांक

हरकत आहे, आणि मोठी हरकत आहे. सीएमएलमध्ये गोळी मनाने बंद केली की आकडा काही आठवड्यांत वर जायला लागतो आणि आजार ब्लास्ट क्रायसिसमध्ये गेला तर तो अॅक्यूट ल्युकेमियासारखा वागतो, मग हेच औषध तेवढं काम करत नाही. या गोळ्या लिव्हरमधूनच बाहेर पडतात, त्यामुळे काढा, भस्म, रस जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. ताई, कृपया हा सल्ला घरात पोचू देऊ नका.

हिमॅट_निवासी

मी हिमॅटॉलॉजीमध्ये शिकतोय, सरकारी हॉस्पिटलमध्ये आहे. तुमच्या भावाला तपासलेलं नाही, म्हणून त्याच्या डॉक्टरांचं म्हणणं माझ्यावर ठेवून बदलू नका. पण असिमिनिब म्हणजे नेमकं काय ते नीट लिहितो, कारण "लेटेस्ट" या शब्दाने खूप घरांत गोंधळ होतो आणि तो मी ओपीडीत रोज बघतोय.

सीएमएलमध्ये ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून बनलेलं छोटं २२ नंबरचं क्रोमोसोम १९६० मध्ये फिलाडेल्फियात सापडलं म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात, आणि ही अदलाबदल असते हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं. यामुळे बीसीआर-एबीएल नावाचं एक प्रोटीन तयार होतं जे सतत चालूच राहतं आणि पेशींना वाढा वाढा सांगत बसतं. इमॅटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब, पोनॅटिनिब हे सगळे त्या प्रोटीनच्या एकाच खोबणीत जाऊन बसतात, जिथे एटीपी (पेशीचं इंधन) बसून त्याला ताकद देतो. खोबण बंद, काम बंद. पण त्याच जागेत एखादा अमिनो आम्ल बदलला, म्हणजे म्युटेशन झालं, की गोळी नीट बसत नाही. टी३१५आय नावाचं म्युटेशन असेल तर पहिल्या चारही गोळ्या निकामी, तिथे पोनॅटिनिब चालतं.

असिमिनिब त्या खोबणीत जातच नाही. नॉर्मल एबीएल प्रोटीनला स्वतःला बंद करायची सोय असते, त्याच्या टोकाला असलेला मायरिस्टेट (चरबीचा छोटा तुकडा) वळून त्याच्याच एका कप्प्यात शिरतो आणि प्रोटीन शांत होतं. बीसीआर जोडलं जाताना ते टोकच जातं, म्हणून हे प्रोटीन बंद होत नाही. असिमिनिब त्या रिकाम्या कप्प्यात बसून हरवलेल्या टोकाचं काम करतं. हा कप्पा शरीरातल्या बाकीच्या कायनेजमध्ये (एबीएलसारख्या प्रोटीनमध्ये) बहुतेक नसतोच त्यामुळे औषध इकडेतिकडे कमी भटकतं आणि साइड इफेक्ट तुलनेने कमी. मला स्वतःला हे शास्त्र फार सुंदर वाटतं.

आता आकडे. २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती दोन किंवा जास्त गोळ्या घेऊन झालेल्यांसाठी आणि टी३१५आय वाल्यांसाठी. त्या ट्रायलमध्ये बोसुटिनिबशी तुलना होती, २४ आठवड्यांत चांगला मॉलिक्युलर रिस्पॉन्स (बीसीआर-एबीएल ०.१ किंवा खाली) असिमिनिबवर २५.५ टक्के लोकांना, बोसुटिनिबवर १३.२. मग २०२४ मध्ये नव्याने निदान झालेल्यांवरची ट्रायल आली, ४०५ पेशंट, ४८ आठवड्यांत असिमिनिबवर ६७.७ विरुद्ध बाकीच्या गोळ्यांवर ४९ टक्के. त्यातही इमॅटिनिबशी तुलना केली तर ६९.३ विरुद्ध ४०.२ एवढा मोठा फरक, पण डॅसाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब या दुसऱ्या पिढीच्या गोळ्यांशी तुलना केली तर ६६ विरुद्ध ५७.८. हा शेवटचा आकडा तुमच्या आतेभावाने पाठवलेल्या बातमीत बहुधा नसेल आणि तुमच्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. कारण तुमच्या भावापुढे आता निवड इमॅटिनिब की असिमिनिब अशी नाहीये, डॅसाटिनिब की निलोटिनिब की असिमिनिब अशी आहे. ती ट्रायल अजून औषध न घेतलेल्यांवरची होती, तुमच्या भावाने एक गोळी वर्षभर घेतलीय, हेही धरून चला.

म्हणून मी औषधाचं वय बघत नाही, पहिली गोळी का कमी पडली ते आधी बघतो. टी३१५आय निघालं तर असिमिनिब किंवा पोनॅटिनिबची चर्चा खरी आहे आणि मग पैशांचा विचार करावाच लागेल. वाय२५३एच, ई२५५के, एफ३५९व्ही असलं काही निघालं तर निलोटिनिब नको. एफ३१७एल किंवा व्ही२९९एल निघालं तर डॅसाटिनिब नको. काहीच निघालं नाही तर दोन्ही मोकळे, आणि मग बाकी शरीर बघून ठरवायचं. तुम्ही शुगर आणि वडिलांच्या अटॅकचं लिहिलंय ते फार बरं केलंत. निलोटिनिबने शुगर आणि कोलेस्टेरॉल वाढू शकतं, हृदयाच्या आणि पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास होऊ शकतो, ईसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हृदयाला सावरायला लागणारा वेळ) लांबतो. शिवाय ते दिवसातून दोनदा, गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही न खाता घ्यायचं. पोनॅटिनिब तर अमेरिकेत २०१३ मध्ये याच रक्तवाहिन्यांच्या कारणाने काही काळ बाजारातून थांबवलं होतं, आता डोस लवकर कमी करून देतात. डॅसाटिनिबचा त्रास वेगळा, फुफ्फुसाभोवती पाणी होतं, प्लेटलेट कमी होतात. ते देण्याआधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट झालीय का विचारा.

भाऊ बाकी काय काय घेतो तेही सांगा. अॅसिडिटीचं वगैरे.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री बसून दोनदा वाचलं.

भावाशी बोलले. जुनी_गोळी दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. नाइट शिफ्टच्या आठवड्यात तो गोळी घेत नाही कारण कंपनीत मळमळून मशीनपुढे उभं राहवत नाही, सुपरवायझरला आजार सांगितलेला नाही. महिन्यातला एक आठवडा म्हणजे किती झालं ते तुम्हीच बघा. रडला बिचारा. मी काही बोलले नाही.

आणि हो, अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोलची गोळी तो रोज सकाळी मेडिकलमधून आणून घेतो, डॉक्टरांना कधी सांगितलं नाही कारण ते औषधच वाटत नाही ना आपल्याला.

मग आता इमॅटिनिबच नीट घेतलं तर चालेल का? म्हणजे बदलायची पण गरज नाही?

हिमॅट_निवासी

ताई, हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, भावाला बरोबर घेऊन, तो स्वतः बोलला तर उत्तम. ओरडतील या भीतीने लपवलं तर ते चुकीच्या कारणाने औषध बदलतील. इमॅटिनिब पोटभर जेवणाबरोबर मोठा ग्लास पाण्याने घेतलं, उलटीची गोळी आधी घेतली, वेळ बदलून झोपायच्या बऱ्याच आधीची केली तर काहींचं जमतं. पण वर्ष उलटूनही १ च्या वर आहे आणि मळमळीमुळेच गोळी सुटत असेल तर डॉक्टर बदलतीलही. तो निर्णय त्यांचा. म्युटेशन टेस्ट दोन्ही परिस्थितीत करा, अर्धवट डोसवरच म्युटेशनवाल्या पेशींना वाढायला वाव मिळतो.

पॅन्टोप्राझोलचं बरं झालं कळलं. डॅसाटिनिबला पोटात अॅसिड लागतं, पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असेल तर ते रक्तात नीट उतरतच नाही. सकाळी डॅसाटिनिब आणि त्याच्यासोबत अॅसिडिटीची गोळी असं करून औषध फेल ठरवलेले लोक मी पाहिलेत.

परळ_दादर

पैशांचं कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी पेशंटच्या नातेवाइकांना मदत करणाऱ्या ग्रुपमध्ये आहे.

आज इमॅटिनिब आपल्याला परवडतं त्यामागे मोठी लढाई आहे. एकेकाळी नोवार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकला, म्हणजे मूळ इमॅटिनिबला, महिन्याला साधारण सव्वा लाख रुपये लागायचे आणि जेनेरिक आठ-दहा हजारांत होतं. पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ ला न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने नोवार्टिसचा दावा फेटाळला. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) मुळे जुन्याच औषधाचं नवं रूप दाखवून पुन्हा पेटंट घ्यायला तिथे आळा बसला. त्याच कंपनीची गरजूंना मोफत औषध देणारी योजना पण होती आणि मॅक्स फाउंडेशनमार्फत आपल्याकडच्या हजारो पेशंटना ती मिळाली, हेही सांगायला हवं.

डॅसाटिनिबची जेनेरिक भारतात मिळतात आणि ब्रँडप्रमाणे किमतीत बराच फरक पडतो, दोन-तीन ठिकाणी विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या हॉस्पिटलमध्ये कुठल्या गोळ्या बसतात ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. फ्रेंड्स ऑफ मॅक्स हा सीएमएलवाल्यांचाच गट आहे, तिथे माहिती मिळेल. सेकंड ओपिनियन पाहिजेच असेल तर परळचं टाटा किंवा टाटाचंच खारघरचं अॅक्ट्रेक, आणि जाणं जमत नसेल तर टाटाशी जोडलेली नाव्या ही ऑनलाइन सोय आहे.

आणि बाबांना माझ्यातर्फे हात जोडून सांगा, म्युटेशनचा रिपोर्ट हातात येईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवा. ही गोळी एक महिन्याची नसते, वर्षानुवर्षांची असते. रान एकदाच विकता येतं, त्यातून किती महिने निघतील हा हिशोब कागदावर मांडा. रिपोर्टमध्ये टी३१५आय निघालंच तर आम्ही सगळे मिळून कंपनीची मदत, ट्रस्ट, मुख्यमंत्री निधी जे जे आहे ते शोधू.

दोन_वेण्या

लग्नाचं लिहिलंय म्हणून. मी स्वतः पेशंट आहे आणि दोन मुलांची आई आहे. पुरुष इमॅटिनिबवर असताना बाप होण्यात सहसा अडचण येत नाही असं मला डॉक्टरांनी सांगितलेलं, बायकांचं वेगळं, गोळी चालू असताना दिवस राहिले तर बाळाला धोका असतो, त्यामुळे रिपोर्टचा आकडा खूप खाली गेल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीत गोळी थांबवून मगच. पण भावाच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की मुलीकडच्यांना आधी सांगा. लपवून केलेलं लग्न आणि लपवून घ्यायची गोळी दोन्ही एकदम निभत नाहीत. आणि कंपनीत पण सुपरवायझर नाही तर निदान कंपनीच्या डॉक्टरांना सांगून नाइट शिफ्ट काही दिवस सुटते का बघा.

आशा पण आहे बरं का ताई. काही वर्षं रिपोर्टचा आकडा खूप खाली राहिला तर गोळी बंद करून बघतात, फ्रान्सच्या ट्रायलमध्ये साधारण ४० टक्के लोकांचा आजार बंद केल्यावरही परत आला नव्हता आणि ज्यांचा आला त्यांचा गोळी सुरू केल्यावर जवळजवळ सगळ्यांचा खाली गेला. तुमचा भाऊ ३४ चा आहे, त्याच्यासाठी हे ध्येय ठेवायला काय हरकत.

कृष्णाकाठची

अपडेट देते, उशीर झाला माफ करा.

म्युटेशन निघालं नाही. परत केलेला बीसीआर-एबीएल १.६ आला. भावाने डॉक्टरांना शिफ्टचं आणि अॅसिडिटीच्या गोळीचं सगळं स्वतः सांगितलं, ते अजिबात ओरडले नाहीत, उलट म्हणाले हे आधीच कळलं असतं तर बरं झालं असतं. शुगर आणि बाबांचा अटॅक बघून निलोटिनिब नको म्हणाले आणि डॅसाटिनिब १०० सुरू केलंय, दिवसातून एकदा, पॅन्टोप्राझोल बंद. असिमिनिबचं मी विचारलं तर म्हणाले हे पुढचं पान आहे, ते आत्ता उघडायची गरज नाही. बाबांनी गिऱ्हाइकाला नाही कळवलं. आतेभावालाही मी इथले आकडे पाठवले, तो म्हणाला हे माहीत नव्हतं.

आता पुढची टेस्ट कधी आणि या गोळीत घरी कशावर लक्ष ठेवायचं?

हिमॅट_निवासी

खूप बरं वाटलं वाचून. सुरुवातीला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दर आठवड्या-पंधरवड्याला, प्लेटलेट उतरतात का बघायला. बीसीआर-एबीएल तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये. डोकं दुखेल पहिले काही दिवस, ते बहुतेकांचं कमी होतं. अॅसिडिटी झालीच तर साधं अँटासिड चालतं पण गोळीच्या दोन तास आधी किंवा दोन तास नंतर. ग्रेपफ्रूट नको, पपनसही टाळा. क्षयरोगाची रिफॅम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन कधी कुणी लिहून दिली तर डॅसाटिनिब चालू आहे हे आधी सांगायचं.

धाप लागली, जिना चढताना दम लागायला लागला, कोरडा खोकला सुरू झाला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच छातीचा एक्स-रे. पाणी झालं असेल तर गोळी थोडे दिवस थांबवून कमी डोसवर परत सुरू करता येते. अमेरिकेत एमडी अँडरसनला ५० मिलिग्रॅमवरही चांगले रिपोर्ट आलेत, त्यामुळे डोस कमी केला म्हणून घाबरू नका, फक्त तो डॉक्टरांनी कमी करायचा.

जुनी_गोळी

ताई, भावाला माझा मेसेज द्या, नाइट शिफ्टला गोळी डब्यात ठेव. डॅसाटिनिब उपाशीपोटी किंवा जेवून कसंही चालतं, मी स्वतः कामावरच घेतो. आणि त्याला बोलायचं असेल तर मला इथे निरोप टाक म्हणावं, रात्री साडेनऊनंतर मी मोकळा असतो.